घडीची खुर्ची

“...आणि मग माझं काय, सर?”

मुजावर सरांनी मान वर केली नाही. पंपाची सुई जिभेला लावून ओली केली, चेंडूच्या भोकात हलकेच घातली आणि हवा भरायला सुरुवात केली. कोरडी सुई घातली की आतली झडप फाटते, हे त्यांनी चाळीस वर्षांत निदान हजार मुलामुलींना सांगितलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणांना बास्केटबॉलमधलं तेवढंच लक्षात राहिलं.

सारिका कणसे त्यांच्यासमोर उभी होती. हातात मोबाइल, मोबाइलवर पत्र.

“तुझं काय?” सरांनी विचारलं.

“पुण्याच्या एका कॉलेजनं बोलावलंय. मुख्य प्रशिक्षक म्हणून. पूर्ण पगार, लाकडी फ्लोअर, वर छप्पर. सोमवारी उत्तर द्यायचंय.”

“लाकडी फ्लोअर चांगला. गुडघे वाचतात.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“कशाबद्दल?”

“मी जावं का?”

“तुला जायचंय?”

...

सारिकानं मोबाइल बंद केला. तिला पुण्याला जायचं नव्हतं. तिला मिरजेतल्या रेल्वे रुळांपलीकडच्या या कॉलेजचा, या तडे गेलेल्या सिमेंटच्या कोर्टावरचा, हा मुलींचा संघ हवा होता. गेली चौदा वर्षं हवा होता. तिच्या घरच्यांना हे माहीत होतं, कॉलेजातल्या शिपायाला माहीत होतं, कँटीनवाल्यालाही माहीत होतं. फक्त सरांना ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज काय, असं तिचं म्हणणं होतं. ज्यांना डोळे आहेत त्यांनी बघावं.

सर घडीच्या हिरव्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. बसले होते म्हणजे अर्धे बसले होते. खुर्चीच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकून, पाठ ताठ, पाय जमिनीवर घट्ट. ही त्यांची बसायची कायमची तऱ्हा. सामना असो, सराव असो, नाहीतर बक्षीस समारंभ, सर खुर्चीला पाठ टेकून बसलेले कुणी पाहिले नव्हते. मुलींमध्ये याबद्दल दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणायचा, सरांना मूळव्याध आहे. दुसरा म्हणायचा, ती खुर्ची एकदा मिटली होती आणि सर आत अडकले होते, तेव्हापासून धसका घेतलाय. सारिकानं कॉलेजात शिकताना एकदा धीर करून सरांनाच विचारलं होतं. सर म्हणाले होते, “सवय.”

तेव्हा सारिका या संघाची कप्तान होती. पहिल्या वर्षाला असतानाच तिनं पहिल्या पाचात जागा मिळवली आणि शेवटच्या वर्षापर्यंत सोडली नाही. पुढं राज्याकडून खेळली, पतियाळाला जाऊन प्रशिक्षणाचा कोर्स केला, पहिल्या श्रेणीत पास झाली आणि परत येऊन सरांची सहायक झाली. दोन वर्षांत सर बाजूला होतील आणि संघ आपल्याकडे येईल, असा तिचा हिशोब होता. सर नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा तर तिनं पेढेसुद्धा मनातल्या मनात वाटून टाकले होते. पण कॉलेजनं सरांना मानद प्रशिक्षक म्हणून ठेवून घेतलं. दर जूनला प्राचार्यांचं पत्र यायचं, दर जूनला सर हिरवी खुर्ची गोदामातून बाहेर काढायचे.

या चौदा वर्षांत तिनं सुचवायचं काही बाकी ठेवलं नाही.

“सर, आता दगदग होत असेल.”

“होते.”

“मग?”

“मग काय, चहा घेतो.”

किंवा,

“सर, नातवंडांना वेळ द्यावासा वाटत असेल.”

“नातवंडं दुबईला आहेत.”

प्रश्न जेवढा, उत्तर तेवढंच. सर कधी वाकडं बोलत नसत, पण एक अक्षर पुढचंही बोलत नसत. असल्या माणसापुढं आडून बोलणाऱ्याची फार पंचाईत होते.

आज मात्र ती ठरवून आली होती. उद्या विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना होता, याच कोर्टावर. परवा पुण्याला उत्तर. मधे काही उरलंच नव्हतं.

“सर, माझ्यात काय कमी आहे?”

“काही नाही.”

“खेळ तुमच्याइतका कळतो मला. नव्या गोष्टी तर जास्तच कळतात. समोरच्या संघाचे सामने लॅपटॉपवर बघून मी त्यांच्या डावपेचांचा कागद काढते. मुली आधी माझ्याकडे येतात.”

“येतात. मी बघतो.”

“मग तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी काय झालं? तुम्ही दवाखान्यात होता. मी दोन सामने घेतले, दोन्ही जिंकले. एक तर तीस गुणांनी. तिसऱ्या सामन्याला तुम्ही काळा चष्मा लावून आलात आणि खुर्ची परत घेतलीत.”

सरांचा पंप थांबला.

“मी घेतली?”

“मग कोणी?”

“मी फाटकातून आत आलो. तू उठलीस.”

...

सारिकाला तो दिवस नीट आठवत होता. सर काही म्हणाले नव्हते. हाताची खूणसुद्धा केली नव्हती. पण गुरू समोर आल्यावर शिष्यानं खुर्चीवर बसून राहायचं की काय? हे तिच्या ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं, कारण सरांनी खुर्ची परत घेतली, असंच ती गेली तीन वर्षं लोकांना सांगत आली होती.

सरांनी चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडला. तो जमिनीवर आपटून कमरेपर्यंत वर आला. म्हणजे हवा बरोबर.

“हा झाला. दुसरा दे.”

तिनं दुसरा चेंडू दिला.

“सारिका, तू बाकावर कधी बसलीस?”

“बाकावर? राखीव म्हणून?” तिला जरा हसू आलं. “कधीच नाही, सर. तुम्हाला माहितीये. पहिल्या दिवसापासून पहिल्या पाचात.”

सरांनी सुई पुन्हा जिभेला लावली.

“हां,” ते म्हणाले, “ते राहून गेलं.”

चेंडूंत हवा भरून झाली. सारिका घरी गेली. पुण्याच्या पत्राला तिनं होकार लिहिला आणि न पाठवता ठेवून दिला.

*

आता सरांच्या बाकाविषयी सांगायला हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी काय घडलं ते समजणार नाही.

बास्केटबॉलमध्ये पाच जणी खेळतात आणि बाकीच्या बाकावर बसतात. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, हे सगळीकडे प्रशिक्षक ठरवतो. त्यानं बोट केलं की राखीव खेळाडू उठते, गुण लिहिणाऱ्या टेबलापाशी जाते आणि बदली मागते. नियमानं बदली राखीव खेळाडूनंच मागायची असते. प्रशिक्षकानं मागून चालत नाही. प्रशिक्षकाला मागता येतो तो फक्त टाइम-आऊट.

हा नियम सगळ्यांनाच ठाऊक असतो आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. मुजावर सरांना वाटलं होतं. ते बोटच करत नसत.

त्यांच्या संघात राखीव मुलीनं आपणहून उठायचं, सरांपुढं यायचं आणि म्हणायचं, “सर, मी जाते.” सर क्वचितच नको म्हणत. बहुतेक वेळा ते आपले पाय खुर्चीखाली ओढून घेत आणि तिला टेबलाकडे जायला वाट करून देत. पण जी उठणार नाही ती हंगामभर बसून राही. एका मुलीचे वडील भांडायला आले होते. म्हणाले, “माझी पोरगी वर्षभर नुसती पाणी पितेय, तुम्ही तिला खेळवत का नाही?” सर म्हणाले, “मी अडवलं कुठं?”

सारिकाला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. तिच्या मते ही प्रशिक्षकाची पळवाट होती. मुली लाजऱ्या असतात, घरातून दबलेल्या येतात, त्यांना हाताला धरून उठवणं हे आपलं काम आहे, असं ती म्हणायची. आणि तिचं काही चुकत होतं असं म्हणता येणार नाही.

या वर्षीच्या संघात अश्लेषा मगदूम नावाची एक मुलगी होती. उंचीनं बेताची, बोलायला त्याहून बेताची. पण लांबून चेंडू टाकायला लागली की दहातले सात आत. सरावात सगळे हातातलं काम सोडून बघत राहायचे. सामना सुरू झाला की ही बाकाच्या टोकाला बसायची आणि मोजे वर ओढत राहायची. अख्ख्या स्पर्धेत ती एकदाही उठली नव्हती.

*

अंतिम सामना सकाळी आठला सुरू झाला. ऑक्टोबरचं ऊन, त्यामुळे बाकावर कापडी मांडव घातला होता. समोर शेजारच्या तालुक्याचा धिप्पाड मुलींचा संघ. सर नेहमीसारखे खुर्चीच्या कडेला. सारिका नेहमीसारखी त्यांच्या बाजूला उभी. दोघांपैकी एकालाच उभं राहायची परवानगी असते, आणि सर कधी उभे राहत नसत, म्हणून चौदा वर्षं सारिका उभी राहत आली होती. ओरडायची ती, हात करायची ती, मुली बघायच्याही तिच्याकडेच.

शेवटच्या क्वार्टरची तीन मिनिटं उरली तेव्हा मिरज सात गुणांनी मागं होतं.

समोरच्या पाचही जणी बास्केटखाली भिंतीसारख्या उभ्या होत्या. आत घुसायला फटच नव्हती. बाहेरून टाकणारं कुणीतरी हवं होतं. हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

“सर, अश्लेषाला पाठवा.”

“उठली का ती?”

“ती नाही उठणार. तिचा स्वभाव नाही तो.”

“कुणाचा?”

सारिकानं त्यांच्याकडे बघितलं. सर चेंडूकडे बघत होते.

“सर, सात गुण आहेत. तीन मिनिटं. ही वेळ आहे का असल्या गोष्टींची?”

...

“सर, सगळ्यांना दिसतंय ती काय करू शकते. तिनं अजून काय दाखवायचं? तिला कुणी उठ म्हणायला नको का?”

“म्हणेल ना कुणीतरी. ती स्वतः म्हणेल.”

समोरच्या संघानं आणखी एक बास्केट टाकलं. नऊ गुण.

मग सारिकाचं डोकं फिरलं. तिनं अश्लेषाकडे बघितलं, ती मोजे ओढत होती. तिनं सरांकडे बघितलं, ते कडेवरून इंचभरही हलले नव्हते. आणि ती सरळ टेबलाकडे पळत सुटली. टेबलापुढं उभी राहिली, दोन्ही हात छातीपुढं एकमेकांवर आडवे धरून बदलीची खूण केली आणि म्हणाली, “बदली.”

टेबलावर जगदाळे नावाचा तरुण पंच होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

“कोण येतंय, मॅडम?”

“मगदूम. चौदा नंबर.”

“कुठाय ती?”

“बसलीये. पाठवते. तू भोंगा वाजव.”

जगदाळे बिचारा अवघडून गेला. दोन वर्षांपूर्वी कॉलेजनं पंचांचं शिबिर घेतलं होतं, तेव्हा नियमांचा तास सारिकानंच घेतला होता आणि हा पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होता.

“मॅडम, तुम्हीच शिकवलंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “बदली ज्याला खेळायचंय त्यानं मागायची. दुसऱ्यानं मागून देता येत नाही.”

गुण लिहिणारी मुलगी फिसकन हसली. मागच्या प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, “मॅडमच उतरतायत वाटतं.” मग बरेच जण हसले.

सारिका परत आली. चेहरा लाल, कान गरम. पतियाळाच्या पहिल्या श्रेणीचा तिला त्या क्षणी काही उपयोग झाला नाही. चौदा वर्षांत तिची अशी शोभा कधी झाली नव्हती, आणि झाली ती सगळ्या मुलींपुढं. तिला वाटलं, सर आता काहीतरी बोलतील. निदान बघतील.

सर बोलले नाहीत. बघितलंही नाही.

बाकाच्या टोकाला मात्र हालचाल झाली. अश्लेषा मगदूमनं मोजे सोडले. बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली. उठली. सरांपुढं आली. आवाज फुटायला थोडा वेळ लागला.

“सर... मी जाते.”

सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

ती टेबलाकडे गेली, हात आडवे धरले, भोंगा वाजला आणि ती आत गेली. पहिला चेंडू तिनं टाकला तो फळ्यालाही लागला नाही. बाहेरून हुर्यो झाली. दुसरा आत गेला. तिसरा गेला. चौथा गेला तेव्हा समोरच्या संघाच्या प्रशिक्षकानं घाईघाईनं टाइम-आऊट मागितला.

मिरज दोन गुणांनी हरलं.

*

बक्षीस समारंभ झाला, भाषणं झाली, पाहुणे गेले. मुली मांडवाबाहेर केळी खात बसल्या होत्या. अश्लेषा तिसऱ्या केळ्यावर होती आणि पहिल्यांदाच कुणालातरी काहीतरी मोठ्यानं सांगत होती. हरल्याचं दुःख त्या वयात दोन केळ्यांपर्यंत टिकतं.

मुजावर सर मांडवात खुर्चीवर बसून होते. पुढच्या कडेला.

सारिका आली. तिच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये पुण्याचा होकार तसाच पडून होता. ती सरांपुढं उभी राहिली. येताना तिनं चार वाक्यं जुळवली होती.

“सर, चौदा वर्षं झाली...”

सर ऐकत होते.

“तुम्हाला आता...”

...

“म्हणजे मला असं वाटतं, की कॉलेजनं आता...”

...

यातलं एकही वाक्य पुढं जाईना. तिला एकदम दिसलं की ही सगळी वाक्यं म्हणजे मोजे ओढणं आहे. तिला स्वतःची लाज वाटली, मग राग आला, मग दोन्ही ओसरलं आणि नुसती भीती उरली. सर नको म्हणाले तर? चौदा वर्षं तिला दुसऱ्या कशाचंच भय नव्हतं. मागितलंच नाही तर कुणी नाही म्हणू शकत नाही, एवढ्या एका आधारावर ती ताठ मानेनं वावरत आली होती.

तिनं मोबाइल पिशवीत टाकला.

“सर, हा संघ मला हवाय,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “तुम्ही उठा.”

सर उठले.

खुर्चीच्या कडेवरून इतक्या चटकन उठले की तिला एक पाऊल मागं व्हावं लागलं. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचे गुडघे वाजले ते तिला ऐकू आले.

“बरं,” सर म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. घड्यांवर तो इतका विरला होता की उलगडताना दोन बोटांनी जपावं लागत होतं. “पेन आहे का?” त्यांनी विचारलं. तिनं पेन दिलं आणि कागदाकडे बघितलं. सरांच्या बारीक अक्षरात प्राचार्यांना लिहिलेलं पत्र होतं. मानद प्रशिक्षकपदातून मला मोकळं करावं. सारिका कणसे यांनी संघ मागितला आहे. तो त्यांच्याकडे द्यावा. खाली सही. तारखेची जागा कोरी.

वर नाव होतं प्राचार्य घोरपडे यांचं. घोरपडे साहेब निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती.

सरांनी घोरपडे खोडलं, आताच्या प्राचार्यांचं नाव लिहिलं. मग कोऱ्या जागेत आजची तारीख घातली.

सारिका बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

“हे तुमच्या खिशात होतं?”

“हो.”

“नऊ वर्षं?”

“अकरा. निवृत्त झालो तेव्हा लिहिलं.”

“आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?”

“नाही.”

“एकदा नुसतं म्हणायचं होतं, सर. सारिका, घे. एवढंच. माझी ही वर्षं...” तिनं कागदाकडे बोट केलं. “हे तुम्ही बरोबर नाही केलंत.”

सर कागदाची घडी घालत होते. घातली. पेन तिला परत दिलं.

“असेल,” ते म्हणाले. “मलाही रात्री कधीकधी तसंच वाटायचं. पाठ फार दुखायची.”

...

“पुण्याचं काय?” त्यांनी विचारलं.

“नाही म्हणून कळवते.”

सरांनी मान हलवली. पंप, सुई, शिट्टी आणि पाण्याची बाटली आपल्या कापडी पिशवीत भरली. मग थोडा विचार करून पंप आणि सुई परत बाहेर काढून ठेवली. मांडवाच्या बाहेर त्यांची सायकल होती. मुलींनी त्यांना जाताना पाहिलं, पण सर रोजच जायचे, म्हणून कुणी उठलं नाही.

सारिका खुर्चीपाशी उभी होती. रिकामी खुर्ची ती पहिल्यांदाच नीट बघत होती. पुढच्या कडेचा रंग पार उडाला होता आणि खालचं लोखंड घासून घासून आरशासारखं झालं होतं. मागच्या अर्ध्या भागाचा हिरवा रंग मात्र जसाच्या तसा होता, कालच दिल्यासारखा.

ती बसली. चांगली मागं सरकून, पाठ टेकून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसली. चौदा वर्षं उभं राहून पाय आंबले होते, ते तिला आत्ता जाणवलं. त्या दोन सामन्यांत ती इथं बसली होती, पण आज कोर्ट निराळंच दिसत होतं. खूप बरं वाटलं तिला, आणि ते तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं.

सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. चाकं जरा फिरली आणि थांबली.

“सारिका.”

तिनं मान वळवली. सर सायकल धरून उभे होते. त्यांची नजर तिच्यावरून मुलींकडे गेली. तिथं अश्लेषा मगदूम हातवारे करून शेवटचा चेंडू कसा गेला ते सांगत होती. नजर पुन्हा खुर्चीवर आली.

“हां, सर?”

“जरा पुढं सरकून बस. मागं जागा राहू दे.”